तहकुबीचं कारण

शाळेच्या सभागृहात पंखे तीन, चालू एक.
फळ्यावर कालचा भागाकार तसाच, बाकी सहा,
त्यावरच चिकटवलेला नकाशा :
मनोरीचा किनारा आणि पाण्यात
अठ्ठेचाळीस लाल चौकोन.
जिताड्याचे पिंजरे, शिनाण्यांचे तराफे,
भोवती दोरी,
दोरीच्या आत येण्यास मनाई.

माझं काम लिहिण्याचं.
नाव, गाव, हरकत, सही किंवा अंगठा.
मी जालन्याचा. पोहता येत नाही.

हरकत क्रमांक नऊ, धर्मीबाय :
“भांगाला पानी हालत नाय.
तुमच्या मासल्यांचा गू खाली बसंल, कुजंल,
मंग तिसऱ्या कुठं जातील?”
मी ‘भांग’ लिहिलं, पुढे कंसात प्रश्नचिन्ह.
एवढ्या गंभीर सभेत ही बाई
नशापाण्याचं काय काढते?
ती वाकून वही बघत होती.
अक्षरं येत नव्हती तिला, पण प्रश्नचिन्ह ओळखलं.
“पिवाची नाय रं भाऊ. अष्टमीची.
भरती नाय, ओटी नाय,
पानी नुसतं बसून रेतं, तो भांग.”
मागची बाकं हसली. मीही.
प्रश्नचिन्ह खोडलं.

साहेबांनी विचारलं, सर्व्हे नंबर काय?
नक्की कुठल्या जागेवर हक्क सांगता?
“माझे आज्यानं खुंट ठोकला तो,” इनास म्हातारा म्हणाला,
“चर्चचा क्रूस आनि ताडाचा शेंडा
एका रेषेत आले का तिथं डोल टाकाची.”
ताड आता आहे का, साहेबांनी विचारलं.
“नाय. पन आमाला दिसतो.”
रकान्यात मावलं नाही. रकाना बोटभर.

मग नेल्सन उठला.
मत्स्यविज्ञान शिकलेला, अंगात कंपनीचा टी-शर्ट.
चौदा नोकऱ्या, म्हणाला, गावातल्याच पोरांना.
आणि जाळ्यात आता येतं काय? पिशव्या.
खोटं नव्हतं. कोणी ओरडलं नाही.
त्याची आत्या रेजिना तेवढं बोलली,
बसूनच, त्याच्याकडे न बघता :
“कालवां काढून तुजी फी भरली.”
तो उभाच राहिला थोडा वेळ, मग बसला.
टी-शर्टावरचा मासा हसत होता.
हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.

पावणेपाच.
खिडकीतून येणारा वास बदलला म्हणे,
मला काही कळलं नाही.
एकेक करून बायका उठल्या, पदर खोचले,
बाकांखालून टोपल्या निघाल्या,
टोपल्यांतून कोयत्या.
अमावास्या होती.
पाणी एवढं मागे महिन्यातून दोनदाच जातं,
आणि आम्ही तारीख धरली होती
सरकारी सुट्ट्या बघून.
हरकत क्रमांक सतरा अर्ध्यावर राहिली,
“आमचं म्हननं असं का…”
पुढे नुसता चपलांचा आवाज.

साहेब म्हणाले, लिहा :
ग्रामस्थ निघून गेले. अन्य हरकत नाही.

खिडकीबाहेर खडप उघडं पडलेलं,
काळं, ओलं, धारदार,
आणि त्यावर वीसेक वाकलेल्या पाठी.
टक्. टक्टक्. टक्.
कोणी मान वर करत नव्हतं.
धर्मीबाय सगळ्यात पुढे,
गुडघाभर पाण्यात,
नकाशात जिथून दोरी जाते
साधारण तिथे.
एक कालव फोडून तिने तोंडात टाकलं
आणि शिंपला मागे भिरकावला,
न बघता, जसं आपण घरात
चावी टेबलावर टाकतो.

मी पेनाचं टोपण काढलं. लिहिलं :
सभा ओहोटीमुळे तहकूब.
पुढील तारीख भांगाची धरावी.

दुसऱ्या दिवशी फाईल परत आली.
‘भांगाची’ला लाल गोल,
आणि समासात, कंसात,
प्रश्नचिन्ह.